लघुप्रबंध रद्दीत गेला, आणि गायरानाचा पुरावाही

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचा आकडा पुढे आला, वर्षअखेरपर्यंत ती हटवण्याची भाषा सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये गावोगाव नोटिसा पोहोचल्या. निलंगा परिसरात, कर्नाटकच्या सीमेकडच्या एका गावात, आम्ही तेव्हा वस्तीतल्या लोकांसोबत बसलो होतो. नोटीस हातात धरून एक आजी विचारत होत्या, "बाबा, माझ्या सासऱ्यानं फोडलेली जमीन हाय ही. आता कुणाला दावू?"

दाखवायचे काय, हाच प्रश्न होता. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आपल्या चळवळीतल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसत असलेल्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करावीत, असे तो सांगतो. दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून मराठवाड्यात जमिनीसाठी जे लढे झाले, त्यांचे कागदावर उतरलेले हे फळ. पण त्यासाठी १९९० च्या आधीचा ताबा सिद्ध करावा लागतो. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, त्यातली जुनी नोंद, दंडाची पावती, पीकपाहणीतला उल्लेख असे काहीतरी लागते. ज्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीशिवाय कपाट नाही, त्यांच्याकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची दंडाची पावती कुठून असणार?

त्याच बैठकीत एका निवृत्त शिक्षकांना आठवले, की नव्वदच्या दशकात एमएसडब्ल्यूचा एक मुलगा गावात येऊन राहिला होता. गायरानावरच लघुप्रबंध लिहीत होता. आसपासच्या गावांतल्या कसणाऱ्यांची नावे, क्षेत्र, किती सालापासून ताबा, एक-ईला नोंद आहे की नाही, हे सगळे त्याने हाताने उतरवून घेतले होते.

आम्ही त्या महाविद्यालयात गेलो. नाव घेत नाही, कारण जे तिथे घडले ते बहुतेक ठिकाणी घडते. ग्रंथपालाची जागा रिकामी होती. ग्रंथालय परिचर भला माणूस होता. त्याने आम्हाला मागच्या खोलीत नेले आणि म्हणाला, "दादा, जुनी बाडं निर्लेखनात गेली. पावसाळ्यात भिंत गळत होती, भिजली होती सगळी." निर्लेखन म्हणजे कागदोपत्री रीतसर नोंद करून रद्दी. प्रबंध लिहिणारे गृहस्थ आम्हाला पुढे सापडले. त्यांच्याकडे टंकलिखित कच्चा मसुदा होता. प्रस्तावना होती, साहित्याचा आढावा होता, निष्कर्षही होते. परिशिष्ट मात्र नव्हते. ते फक्त बांधणी केलेल्या प्रतींना जोडले होते. नावांची यादी होती ती त्या परिशिष्टातच.

प्रबंध हा काही सातबारा नव्हे. तहसीलदारापुढे तो ठेवला असता म्हणून जमीन नावावर झाली नसती, हे आम्हालाही कळते. पण कोणत्या सालच्या वहीत, कोणत्या गट नंबरला, कुणाच्या नावे नोंद होती हे त्यावरून समजले असते. माहिती अधिकारात नेमका कागद मागता आला असता. आंधळेपणाने दार ठोठावणे आणि दाराचा क्रमांक माहीत असणे यात फरक आहे. आजींच्या बाबतीत तो फरक दोन एकर जमिनीचा होता.

म्हणून डिजिटल रिपॉझिटरी हा विषय आम्ही ग्रंथालयशास्त्रवाल्यांच्या चर्चासत्रांवर सोडायला तयार नाही.

रिपॉझिटरी म्हणजे संस्थेचे डिजिटल भांडार. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात जे ज्ञान तयार होते, म्हणजे प्रबंध, लघुप्रबंध, अहवाल, शोधनिबंध, जुने वार्षिकांक, त्याची संगणकीय प्रत एका जागी ठेवायची. प्रत्येक प्रतीसोबत लेखक, विषय, साल, गाव अशी माहिती जोडायची आणि कुणालाही ती शोधता, वाचता येईल अशी सोय करायची. महाविद्यालयाची वेबसाइट हे काम करत नाही. वेबसाइटवर प्राचार्यांचा फोटो आणि पाहुण्यांच्या स्वागताची बातमी असते, ठेकेदार बदलला की जुनी पाने गायब होतात. भांडाराचा अर्थच असा, की आज ठेवलेले वीस वर्षांनी त्याच पत्त्यावर सापडले पाहिजे.

पीएचडीच्या बाबतीत देशात हे काम बऱ्यापैकी झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी जमा करणे बंधनकारक केले. २०१६ च्या नियमांनी ती पदवी देण्याआधीच जमा व्हावी असे म्हटले, आणि २०२२ च्या नियमांतही तो दंडक कायम आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' हे भांडार त्यातून उभे राहिले. आज त्यात देशभरातले काही लाख प्रबंध आहेत, ते वाचायला पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत. निलंग्याच्या मुलीला एखादा प्रबंध पाहण्यासाठी एसटीने नांदेड गाठायचे, तर जाण्या-येण्यात दिवस मोडतो. मुक्कामाची सोय नसेल तर तो प्रवास घरून मंजूरही होत नाही. ही भिंत शोधगंगेने पाडली, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण आत जाऊन मराठी प्रबंध शोधून पाहा. शोधचौकटीत देवनागरीत 'गायरान' किंवा 'भूमिहीन' लिहा. जे हाती लागते ते बहुधा शीर्षकात तो शब्द असलेले. प्रबंधाच्या पोटात तो शब्द दोनशे वेळा आलेला असला तरी यंत्राला तो दिसत नाही. कारण साधे आहे. वर्षानुवर्षे आपले प्रबंध विद्यापीठासमोरच्या डीटीपी सेंटरवर टाइप होत आले, आणि ते युनिकोडमध्ये नाही, तर श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये. पडद्यावर, छापलेल्या कागदावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, लगेच कळेल. बाकीचे प्रबंध तर नुसते स्कॅन केलेले, म्हणजे पानांचे फोटो. शिवाय एकेक प्रबंध दहा-पंधरा तुकड्यांत विभागून ठेवलेला. मुखपृष्ठ वेगळे, प्रमाणपत्र वेगळे, प्रत्येक प्रकरण वेगळे. मोबाइलवर दिवसाच्या डेटा पॅकमध्ये अभ्यास करणाऱ्याने कोणत्या तुकड्यात काय आहे हे उघडून उघडून शोधायचे.

याचा परिणाम आम्हाला फार गंभीर वाटतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याचा प्रबंध जगाला सापडतो, मराठीत लिहिणाऱ्याचा सापडत नाही. आणि मराठवाड्यात मराठीत प्रबंध कोण लिहितो? जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, घरातली पहिली पदवीधर मुले-मुली. बार्टीच्या फेलोशिपसाठी महिनोन्‌महिने आंदोलन करून ती मिळवायची, चार-पाच वर्षे गावे पालथी घालायची, आणि शेवटी जे लिहिले ते एका चुकीच्या फॉन्टमुळे अदृश्य व्हायचे! वरून साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हा मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे मराठी प्रबंधाचा साम्य-अहवाल अगदी स्वच्छ येतो आणि चोरणाराही सुखात राहतो. दुसऱ्याची प्रकरणे उचलून झालेल्या पीएचड्यांबद्दल चहाच्या टपरीवर सगळे बोलतात. प्रबंध युनिकोडमध्ये आणि खुला असेल तर हे बोलणे टपरीपुरते उरणार नाही. भांडाराबद्दल काही मंडळी इतकी उदासीन का असतात, याचे एक उत्तर इथेही असावे.

उपाय अवघड नाही. नव्या प्रबंधांसाठी 'युनिकोडमध्येच स्वीकारू' एवढे एक परिपत्रक पुरते. जुन्यांसाठी, स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे ओळखणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत आणि छापील देवनागरी ती आता बऱ्यापैकी वाचतात. चुका होतात, जोडाक्षरांवर अडखळतात, पण 'गायरान' शोधल्यावर 'गायरान' सापडेल इतके काम ती करतात.

मोठी पोकळी मात्र पीएचडीच्या खाली आहे. एम.ए., एमएसडब्ल्यूचे लघुप्रबंध कोणत्याही राष्ट्रीय भांडारात बंधनकारकपणे जात नाहीत. ते महाविद्यालयाच्या कपाटात राहतात, नॅकची समिती येईपर्यंत नीट रचून आणि ती गेल्यावर जमिनीवर. आता नव्या शैक्षणिक धोरणाने यात भर घातली आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतल्या पदवीलाही नवा आराखडा लागू झाला. क्षेत्रीय प्रकल्प, समाज सहभाग, कार्यप्रशिक्षण, पदव्युत्तरला संशोधन प्रकल्प, या सगळ्याला आता श्रेयांक आहेत. म्हणजे दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयातून शेकडो अहवाल निघणार. बरेचसे गुगलवरून उतरवलेले असतील, हे मान्य. पण आम्ही गेल्या वर्षी काही मुलांना मदत केली. एकाने वस्तीतल्या पाण्याच्या टाकीपासून प्रत्येक घराचे अंतर मोजले. एका मुलीने ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली किती मुले परीक्षेला गावात होती हे घरोघर जाऊन लिहिले. ही माहिती जनगणनेत मिळत नाही, जिल्हा सांख्यिकी समालोचनात मिळत नाही. स्पायरल बाइंडिंग करून ती जमा झाली, गुण मिळाले, संपले. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा त्याच वस्तीत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार. पाच वर्षांचे पाच अहवाल शेजारी शेजारी ठेवता आले, तर ग्रामपंचायतीसमोर मांडायला कागद तयार होतो.

इथे कुणी म्हणेल, सरकार तर संशोधनासाठी एवढा खर्च करते आहे. करते आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. घोषणेतले शब्द मात्र नीट वाचावेत. योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. निलंगा, औसा, देवणी, उदगीर या पट्ट्यातली महाविद्यालये बहुतांश शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. आणि समजा उद्या ती नियतकालिके आपल्या मुलांनाही मिळाली, तरी त्यांत निलंग्याचे गायरान सापडणार नाही. बाहेरचे ज्ञान विकत घेण्याला आमचा विरोध नाही. पण आपल्याच गावांत तयार झालेले ज्ञान जपायला काही हजार रुपयांची तरतूद होऊ नये, याला काय म्हणायचे?

एक भीती मात्र आम्हाला खरी वाटते. तिच्यावर आमच्यातही एकमत नाही. 'सगळे खुले करा' म्हणणे सोपे आहे. अॅट्रॉसिटीवर काम केलेल्या एका लघुप्रबंधाच्या परिशिष्टात आम्ही पीडित स्त्रियांची पूर्ण नावे, गावे, जाती आणि मुलाखती पाहिल्या आहेत. मार्गदर्शकाने अडवले नव्हते, विद्यार्थ्यालाही सुचले नव्हते. तो कपाटात होता तोवर दहा जणांनी पाहिला असेल. तोच उद्या गुगलवर आला तर? लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. त्याआधी भारतीय दंड विधानात २२८-अ कलम होतेच. पण कायद्याच्या पलीकडचा प्रश्न आहे. पाचशे उंबऱ्यांच्या गावात नाव झाकले तरी 'सरपंचाच्या शेतात मजुरीला असलेली, दोन मुलींची विधवा आई' एवढ्यावर कोण ते कळते. साक्षीदार फुटतात ते असल्याच बारीकसारीक माहितीवर. आमच्यातल्या काहींचे म्हणणे, अशा प्रबंधांचे फक्त शीर्षक आणि सारांश खुला ठेवावा. काहींना वाटते, एकदा 'झाकण्याची' सवय लावली की संस्था गैरसोयीचे सगळेच झाकतील. जमीनदारांची नावे असलेला प्रबंध सर्वांत आधी कुलुपात जाईल. आम्हाला दुसरी भीतीही तितकीच खरी वाटते.

आजींच्या गायरानाची यादी तर याचे उलटे उदाहरण आहे. तिथे नावेच हवी होती. नावे झाकली असती तर यादीचा उपयोग शून्य. म्हणून एकच नियम सगळ्यांना लावून चालणार नाही. मुख्य प्रबंध खुला, मुलाखती आणि नावांची परिशिष्टे वेगळ्या फाइलमध्ये, ती काही वर्षे बंद किंवा मागणी करणाऱ्याची नोंद घेऊन देण्याची, अशी सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती कुणी, कशाच्या आधारे वापरायची हे ठरवणाऱ्या समितीत ज्यांच्यावर संशोधन झाले त्या समाजाची माणसे असावीत, ही आमची मागणी. समितीत नुसते विभागप्रमुख असतील तर निर्णय कुणाच्या सोयीने होईल हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

राहिला खर्च आणि तंत्राचा प्रश्न. शोधगंगा ज्यावर चालते ते डीस्पेस हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मिळून २००२ मध्ये आणले. ते मोफत आहे. मोफत म्हणजे फुकट नव्हे. सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो, वीज गेल्यावर पुन्हा चालू करणारा लागतो. निलंग्यासारख्या ठिकाणच्या प्रत्येक महाविद्यालयाने आपापले डीस्पेस उभे करावे, असे म्हणणे म्हणजे प्रत्येक घराने आपली विहीर खोदावी म्हणण्यासारखे आहे. नॅकच्या गुणांसाठी घाईने उभी केलेली भांडारे कशी मरतात हे आम्ही पाहिले आहे. समितीसमोर लिंक उघडते, सहा महिन्यांनी तिथे कुणी तरी गाद्यांची जाहिरात लावलेली असते. भांडार विद्यापीठाने नांदेडला एकच उभे करावे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या सर्व संलग्न महाविद्यालयांना त्यात आपापले दालन द्यावे. महाविद्यालयाचे काम फक्त फाइल चढवणे आणि पाच-सात रकाने भरणे. त्यात 'गाव' आणि 'तालुका' हे रकाने सक्तीचे हवेत. दिल्लीत बसून केलेल्या नमुन्यात ते नसतात, आणि आपल्याला शोधायचे असते तेच.

एकच प्रत असण्याचा धोका आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परत आले, तेव्हा त्यांची पुस्तके आणि सामान वेगळ्या जहाजाने येत होते. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. महायुद्धात पुस्तके समुद्रात गेली, आपल्याकडे गळक्या भिंतीखाली जातात. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. महाराष्ट्र शासनाच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे' खंडांची छपाई रखडली, खरेदी केलेला कागद पडून राहिला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या सगळ्या काळात खंड वाचले गेले ते पीडीएफवर. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी ते व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना पाठवले. छापील खंडाची सर त्याला नाही, पण न्यायालयाच्या तारखेसाठी कुणाचा अभ्यास थांबला नाही.

विद्यापीठ भांडार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत आम्ही निलंग्यात एक लहान काम सुरू केले आहे. ज्यांनी या तालुक्यातल्या गावांवर एम.ए., एमएसडब्ल्यू, एम.फिल. केले त्यांना शोधायचे, घरातली प्रत मागायची, मोबाइलवरच्या स्कॅनर अॅपने पाने टिपायची आणि प्रत त्याच दिवशी परत करायची. प्रबंधाचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. म्हणून एका कागदावर त्यांची लेखी संमती घेतो, परिशिष्ट खुले ठेवायचे की नाही हेही त्यांनाच विचारतो. एक प्रत आमच्या हार्ड डिस्कवर, एक लेखकाकडे, एक अभ्यासिकेच्या संगणकावर. यादी साध्या एक्सेलमध्ये आहे. काहींनी दाराबाहेरूनच परत पाठवले. एका मॅडमनी माळ्यावरून प्रत काढून दिली आणि म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मागितलं रे."

गायरानाच्या त्या लघुप्रबंधाच्या बांधलेल्या प्रती तीन किंवा चार असाव्यात, असे लिहिणाऱ्याला आठवते. एक महाविद्यालयाची गेली. एक मार्गदर्शकांकडे होती. ते आता हयात नाहीत, त्यांचे कुटुंब पुण्याला असते. एक बहिःस्थ परीक्षकांकडे पाठवली होती, ते कोण हे आम्ही शोधतो आहोत. आजींच्या नावाचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही.